जुन्या पेटीचा मिडी कंट्रोलर: भाता, पट्ट्या आणि श्रुती

मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना स्वर कळवण्याची ठरलेली भाषा, आणि ती बोलणारे वाजवायचे साधन म्हणजे मिडी कंट्रोलर. बाजारात मिळणारा मिडी कीबोर्ड वादकाच्या बोटांतून मुख्यतः एकच गोष्ट मोजतो, ती म्हणजे पट्टी किती वेगाने खाली गेली. पियानोसाठी ही मोजणी योग्यच आहे, कारण तिथे हातोडी तारेवर किती वेगाने आदळते यावरच स्वराचा जोर ठरतो. पेटीत पट्टी हवेची वाट उघडते आणि बंद करते, एवढेच तिचे काम. ती हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, स्वर तेवढाच लागतो. स्वर फुगवणे, दाबून धरणे, ओळीच्या शेवटी तो विरू देणे, समेवर वजन देणे हे सगळे डाव्या हाताचे, म्हणजे भात्याचे काम आहे. भजनाला आणि नाट्यगीतांना अनेक वर्षे पेटीची साथ केल्यानंतर मी संगणकावरच्या पेटीकडे वळलो, तेव्हा उत्तम ध्वनिमुद्रित केलेले स्वरही कोरडे का वाटतात, हे या एका कारणाने लगेच उमगले. डाव्या हाताला तिथे काही कामच नव्हते. त्या हाताला काम देणारा कंट्रोलर माझ्या पाहण्यात तयार मिळत नव्हता, म्हणून तो घरीच बांधायचे मी ठरवले.

आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात पेटी हे दुय्यम वाद्य मानले जात नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत घुमट या वाद्याच्या साथीतली आरती आटोपली की घरोघरी भजनासाठी पेटी पुढे येते, वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहासारख्या अखंड भजनांत ती रात्रभर जागची हलत नाही, आणि देवळांच्या उत्सवांतली संगीत नाटके तर तिच्याविना उभी राहत नाहीत. पेटीवादक पी. मधुकर यांचे शिष्य आणि २०१६ साली पद्मश्रीने सन्मानित झालेले पं. तुळशीदास बोरकर हे याच तालुक्यातल्या बोरी गावचे. त्यांची पेटी ऐकत ज्याचे कान तयार झाले, त्याला भात्याविना पेटी ही कल्पनाच पटत नाही. त्यामुळे मला नवे वाद्य नको होते. जी पेटी हाताला ठाऊक आहे तिलाच संगणकाशी बोलायला शिकवायचे होते.

घराच्या माळ्यावर ४२ पट्ट्यांची एक जुनी पेटी होती. गोव्यातला पावसाळा आणि खाडीकडून येणारी खारी हवा यांनी तिचे पितळी सूर, म्हणजे कंप पावून आवाज देणाऱ्या पात्या, हिरवट पडल्या होत्या. काही अडकत होत्या, काही बोलतच नव्हत्या. ज्या कारागिरांना ती दाखवली त्यांनी सूर संपूर्ण बदलावे लागतील असे सांगितले. लाकूड मात्र खणखणीत होते, भात्याची घडी शाबूत होती आणि पट्ट्यांची चाल अजून मऊ होती. सूर काढून ठेवायचे आणि बाकी सगळे जसेच्या तसे जपायचे, हा निर्णय तिथेच झाला.

येथे पहिला खरा प्रश्न उभा राहिला आणि तो इलेक्ट्रॉनिक्सचा नव्हता. पेटीतली हवा दोन टप्प्यांनी जाते. मागचा भाता ती आत ढकलतो, पोटातला स्प्रिंगचा भाता ती साठवतो, आणि तिथून सुरांच्या फळीखाली दाब बराचसा एकसारखा राहतो. पट्टी दाबली की तिच्याखालचे चामडे उचलले जाते, भोक उघडते आणि हवा सुरातून वाट काढत बाहेर पडते. सूर काढून भोके उघडी ठेवली तर एका पट्टीसरशी पोटातला भाता रिकामा होतो. भोके बुजवून टाकली तर हवा जाईल कुठे, भाता दगडासारखा कडक होतो आणि हाताला काहीच कळेनासे होते. खऱ्या पेटीत डाव्या हाताला जो भार जाणवतो तो उघड्या सुरांमधून किती हवा जाते यावर ठरतो. दोन स्वर एकत्र धरले की भाता लवकर खाली येतो आणि हात आपोआप वेग वाढवतो. ही देवाणघेवाण गेली असती तर सगळ्या खटाटोपाला अर्थ उरला नसता.

म्हणून प्रत्येक सुराच्या जागी मी पातळ प्लायवुडचा तुकडा बसवला आणि त्याला छोटे भोक पाडले. भोकाचा आकार ठरवण्यासाठी शेजारच्या बुवांची चालू पेटी प्रमाण मानली. तिच्या पोटातला भाता पूर्ण भरून एकच पट्टी दाबून धरली तर तो किती वेळात रिकामा होतो, हे निरनिराळ्या सप्तकांत मोजले आणि माझ्या पेटीची भोके त्या वेळाशी जुळेपर्यंत थोडी थोडी मोठी केली. खर्जाकडची भोके साहजिकच मोठी झाली आणि तार सप्तकाकडची बारीक राहिली. दाब पाहण्यासाठी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरले आणि एक टोक पेटीच्या पोटात सोडले. दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक सेंटिमीटरचा फरक पडला की दाब सुमारे ९८ पास्कल असतो. नेहमीच्या वादनात हे पाणी काही सेंटिमीटरच वर-खाली होते, म्हणजे मला मोजायचा होता तो दाब फक्त काहीशे पास्कलांचा होता. पुढे सेन्सर निवडताना हा आकडा फार उपयोगी पडला.

पट्ट्यांच्या बाबतीत पर्याय पुष्कळ होते. कीबोर्डांत असतात तसे रबरी संपर्क, साधे पत्र्याचे स्विच, प्रकाशाचा अडथळा ओळखणारे सेन्सर, चुंबकाची जवळीक ओळखणारे हॉल सेन्सर असे सगळे प्रकार विचारात घेतले. निवड केली ती रीड स्विचची. काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या दोन चुंबकधर्मी पात्या जवळ चुंबक आले की एकमेकींना चिकटतात, एवढीच त्याची रचना. नळी पूर्ण बंद असल्यामुळे खाऱ्या हवेचा संपर्काच्या जागेला स्पर्शच होत नाही, आणि किनारपट्टीवर राहणाऱ्याला याहून मोठा गुण दुसरा नाही. प्रत्येक पट्टीच्या मागच्या भागाला खालून तीन मिलिमीटरचे छोटे चुंबक चिकटवले आणि समोर न हलणाऱ्या फळीवर स्विच बसवला. शेजारच्या चुंबकाने भलताच स्विच लागू नये म्हणून काळ्या पट्ट्यांचे स्विच मागच्या रांगेत आणि पांढऱ्यांचे पुढच्या रांगेत ठेवले. रीड स्विच ज्या अंतरावर लागतो त्याहून जरा लांब गेल्यावर सुटतो, त्यामुळे पट्टी अर्ध्यावर थरथरली तरी स्वर लागणे-तुटणे असे होत नाही. पेटीत पट्टी अर्धवट दाबून खेळवण्याची सवय असलेल्या हातांना हे बरे पडते.

४२ स्विचांना ४२ तारा मायक्रोकंट्रोलरपर्यंत, म्हणजे हे सगळे वाचणाऱ्या चिमुकल्या संगणकापर्यंत, नेण्याची गरज नसते. सहा ओळी आणि सात स्तंभ असे जाळे विणले की १३ तारांत काम भागते. प्रोग्राम एका वेळी एक ओळ सक्रिय करतो, काही मायक्रोसेकंद थांबतो, सातही स्तंभ वाचतो आणि पुढच्या ओळीकडे जातो. सगळ्या पट्ट्यांची फेरी एका मिलिसेकंदाच्या आत पूर्ण होते. या जाळ्यात प्रत्येक स्विचसोबत एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लागतो आणि तो वगळता येत नाही. आयताचे तीन कोपरे होतील अशा तीन पट्ट्या एकदम दाबल्या तर वीज उलट्या वाटेने फिरून चौथी पट्टीही दाबली असल्याचे दाखवते. षड्ज-पंचम धरून वरती सुरावट फिरवणे हे साथीतले रोजचेच काम असल्याने असा भुताटकीचा स्वर केव्हाही उमटला असता. १एन४१४८ हा अगदी स्वस्त डायोड त्यासाठी पुरतो.

मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय पिको घेतला. २०२१ च्या जानेवारीत आलेला हा छोटा बोर्ड स्वस्त आहे, त्याला वापरता येतील अशा २६ पिना आहेत, आणि संगणकाला जोडला की तो स्वतःची ओळख थेट यूएसबी मिडी उपकरण म्हणून करून देऊ शकतो, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पट्ट्यांना १३ पिना, दाबाच्या सेन्सरांना दोन, पेटीच्या पुढच्या पाच खुंट्यांना पाच, षड्ज बदलणाऱ्या फिरत्या बटणाला तीन आणि जुन्या धाटणीच्या पाच पिनांच्या मिडी सॉकेटला एक, असा २४ पिनांचा हिशेब बसला. डाग देण्याचे काम ऐन पावसाळ्यात आल्यामुळे प्रत्येक जोड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वर संरक्षक लाखेचा पातळ थर दिला. डाग देताना वापरलेल्या फ्लक्स या रसायनाचा अंश तसाच राहिला तर आपल्याकडच्या दमट हवेत तांबे हिरवे पडायला वेळ लागत नाही.

मिडीची भाषा मात्र आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट ६०० आणि रोलंडचा ज्युपिटर ६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून वाजवून दाखवले गेले. तेव्हा ठरलेले संदेश आजही तसेच चालतात. स्वर लागला हे सांगायला तीन आकडे पुरतात: पहिल्या चॅनेलसाठी, म्हणजे पहिल्या वाहिनीसाठी, १४४, मग स्वराचा क्रमांक, मग जोर. मधला सी म्हणजे ६०. माझ्या पेटीची पहिली पांढरी पट्टी ४८ आणि शेवटची ८९. जोराचा आकडा मी कायमचा १०० ठेवला, कारण पेटीत पट्टीला जोर नसतो. जोर भात्यातून यायचा होता, आणि त्यासाठी मिडीत अभिव्यक्तीचा म्हणून राखून ठेवलेला ११ क्रमांकाचा कंट्रोल, म्हणजे वाजत्या स्वराची पातळी बदलत ठेवणारा संदेश, आहे.

भात्याची हालचाल मोजावी की भात्यातला दाब, यावर मी बराच विचार केला. भात्याच्या बिजागरीला फिरता रोधक लावून त्याचा कोन वाचणे सोपे होते. परंतु कोन म्हणजे दाब नव्हे. पोटातला भाता भरलेला असताना हात थांबला तरी स्वर चालूच राहतो, आणि तो कसा ओसरत जातो यातच पेटीचा श्वास असतो. म्हणून दाबच मोजायचा ठरले. त्यासाठी बीएमपी२८० हा हवामानाच्या उपकरणांत वापरला जाणारा छोटा सेन्सर घेतला. तो एकूण वातावरणीय दाब मोजतो, म्हणजे सुमारे एक लाख पास्कलांमधला काहीशे पास्कलांचा फरक त्यातून वेचून काढावा लागतो. पावसाळ्यात एखादे ढग दाटून आलेले दुपारचे तास असले की बाहेरचा दाबच काहीशे पास्कलांनी सरकू शकतो आणि पेटी आपोआप मोठ्याने किंवा हळू बोलू लागेल.

यावर उपाय म्हणून दोन सेन्सर वापरले, एक पेटीच्या पोटात आणि एक बाहेर. या सेन्सरचा पत्ता एका पिनेवरून दोन प्रकारे ठरवता येतो, त्यामुळे दोन्ही एकाच जोडतारेवर सुखाने राहतात. प्रोग्राम दोघांच्या वाचनातला फरक घेतो आणि हवामान आपोआप वजा होते. अर्थात दोन सेन्सर मुळातच एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्या वाचनात शंभर पास्कलांच्या आसपास फरक असणे हे त्यांच्या निर्मितीतच मान्य केलेले आहे. त्यामुळे पेटी सुरू करताना शून्य ठरवावे लागते. तेव्हा पोटात हवा साठलेली असू नये यासाठी मी असा नियम केला आहे की खर्जाची पहिली पट्टी दाबून धरूनच यूएसबीची तार जोडायची. हवा निघून जाते, प्रोग्राम क्षणभर दोन्ही वाचनांतल्या फरकाची सरासरी घेऊन तिला शून्य मानतो, आणि त्यानंतर जो फरक दिसेल तो फक्त भात्याचा.

आलेले वाचन थोडे थरथरते. ते गुळगुळीत करण्याची सोय सेन्सरमध्येच आहे, पण ती वापरली की हाताची हालचाल आणि आवाज यांत अंतर पडते. म्हणून गाळणी प्रोग्राममध्ये लिहिली: नव्या वाचनाचा आणि जुन्या मूल्याचा जो फरक असेल त्याचा चौथा हिस्सा दर वेळी जुन्यात मिळवायचा. बाहेरच्या सेन्सरला सेकंदातून एकदाच विचारले तरी चालते, कारण बाहेरची हवा सावकाश बदलते. त्यामुळे वाचलेला वेळ आतल्या सेन्सरला मिळतो. मिळालेला दाब ० ते १२७ या आकड्यांत बसवताना सरळ रेषा चालत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरांत ६४ म्हणजे निम्मा आवाज नसून सुमारे १२ डेसिबल कमी असा त्याचा अर्थ होतो, आणि खरी पेटी एका किमान दाबाखाली बोलतच नाही. हे दोन्ही लक्षात घेऊन १२८ आकड्यांची एक सारणी केली आणि कानाने ऐकत ती सुधारत गेलो. आकडा बदलला तरच संदेश पाठवायचा, आणि दोन संदेशांत किमान पाच मिलिसेकंद अंतर ठेवायचे, हे पथ्यही पाळले. यूएसबीला त्याची फारशी गरज नसते. पण जुन्या मिडी तारेवर सेकंदाला ३१,२५० बिटच जातात आणि तीन आकड्यांच्या एका संदेशाला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. भात्याचे संदेश तिथे गर्दी करू लागले तर स्वरच मागे राहतात.

एवढ्यावर पेटी वाजू लागली असती. पण हातात प्रोग्राम लिहिता येणारे वाद्य असताना पेटीवरचा सर्वांत जुना आक्षेप तसाच ठेवणे मला बरे वाटेना. ऑल इंडिया रेडिओवर १९४० साली पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही; त्यामागची दोन मोठी कारणे म्हणजे पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, नाही आणि तिचे स्वर समान अंतरांनी ठरवलेले आहेत, आपल्या श्रुतींशी, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागांशी, जुळणारे नाहीत. मींडेचा प्रश्न पट्ट्यांच्या वाद्यात मुळातच कठीण आहे. श्रुतींचा प्रश्न मात्र मिडीत सुटण्यासारखा आहे.

समान अंतरांच्या सप्तकात प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा असतो, म्हणून शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा ५:४ या कंपनसंख्यांच्या प्रमाणाचा गांधार ३८६.३ सेंटवर असतो. हा १३.७ सेंटचा फरक गायकाला खुपतो आणि साथीदाराला तो कसा टाळावा हे कळत नाही. मिडीत स्वर वर-खाली सरकवणाऱ्या पिच बेंडच्या संदेशाला ० ते १६,३८३ असे आकडे असतात आणि ८,१९२ म्हणजे मध्य. त्याचा पल्ला दोन अर्धस्वरांचा धरला तर एका सेंटला सुमारे ४१ आकडे मिळतात, म्हणजे कानाला कळेल त्यापेक्षा कितीतरी बारीक. शुद्ध गांधारासाठी ८,१९२ मधून ५६१ वजा केले की तो आपल्या जागी येतो. शुद्ध निषादाला ४८१ वजा करावे लागतात, ६:५ या प्रमाणाच्या कोमल गांधाराला ६४१ मिळवावे लागतात, आणि पंचमाला फक्त ८० मिळवून पुरतात.

अडचण ही की पिच बेंड एका चॅनेलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम सरकवतो. षड्ज धरून गांधार घेतला तर षड्जही खाली ओढला जाईल. यासाठी प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देण्याची एमपीई नावाची पद्धत २०१८ पासून मिडीच्या मानकांत आहे: पहिला चॅनेल सर्वांसाठीच्या सूचनांना आणि उरलेले पंधरा चॅनेल एकेका स्वराला. भात्याचा कंट्रोल पहिल्या चॅनेलवर जातो आणि प्रत्येक स्वर आपापली श्रुती घेऊन स्वतःच्या चॅनेलवर येतो. येथे दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पिच बेंडचा संदेश स्वर लागण्याच्या आधी जायला हवा, नाहीतर स्वर भलत्या जागी लागून मग घसरतो आणि ते स्पष्ट ऐकू येते. नवा स्वर देताना जो चॅनेल सर्वांत जास्त वेळ रिकामा आहे तोच निवडावा, म्हणजे नुकत्याच सोडलेल्या स्वराची शेपटी वाकडी होत नाही. शिवाय एमपीई समजणारे सॉफ्टवेअर स्वरांच्या चॅनेलवर पिच बेंडचा पल्ला सहसा ४८ अर्धस्वरांचा धरते. पाठवणारा दोन म्हणत असेल आणि ऐकणारा अठ्ठेचाळीस समजत असेल तर गांधाराची ती बारीक दुरुस्ती चोवीस पट होऊन तो तीन अर्धस्वरांहून अधिक खाली कोसळेल. म्हणून सुरू होताच माझी पेटी प्रत्येक चॅनेलला पल्ला दोनच असल्याचे सांगून टाकते.

श्रुतींची सारणी संगणकात न ठेवता पेटीतच ठेवण्याचे कारण षड्ज आहे. एक गायक काळी एकमध्ये गातो, दुसरी गायिका काळी चारमध्ये. षड्ज काळी एक असेल तर पांढरी चार ही पट्टी शुद्ध गांधार होते आणि तिला १३.७ सेंट खाली आणावे लागते. षड्ज पांढरी एक असेल तर तीच पट्टी मध्यम होते आणि तिला दोन सेंटही हलवावे लागत नाही. फिरते बटण षड्जाच्या पट्टीवर आणले की संपूर्ण सारणी त्यासोबत सरकते, संगणकाला हात लावावा लागत नाही. पेटीच्या पाच खुंट्यांनाही काम मिळाले. पहिली ओढली की कोमल गांधार ३१६ सेंटवरून २९४ वर उतरतो, दुसरीने शुद्ध धैवत ८८४ वरून ९०६ वर चढतो, तिसरी षड्ज-पंचम धरून ठेवते. चौथी सगळ्या श्रुती बाजूला ठेवून समान अंतरांचे सप्तक देते, कारण गोव्यात साथीला गिटार किंवा कीबोर्ड वाजवणारा मित्र केव्हा बसेल सांगता येत नाही, आणि त्याच्यासोबत वाजवताना आपला शुद्ध गांधारच बेसूर ठरतो.

आवाजासाठी बुवांच्या पेटीचेच स्वर ध्वनिमुद्रित केले. प्रत्येक पट्टीचा मंद, मध्यम आणि जोरकस असा तीन दाबांवरचा स्वर घेतला, कारण दाब वाढला की पेटीचा आवाज नुसता मोठा होत नाही, त्याला धारही चढते. सॅम्पलर नावाच्या प्रोग्राममध्ये हे तीन थर अकराव्या कंट्रोलप्रमाणे एकमेकांत मिसळतात. सुरांची पाती हाताने कानसून मिळवलेली असतात, म्हणून प्रत्येक मुद्रण आधी मोजून समान अंतरांवर आणून ठेवावे लागले. तसे केले नसते तर त्याच्यावर लावलेली श्रुतीची दुरुस्ती निरर्थक झाली असती. जोरात फुंकलेला सूर किंचित उतरतो, तो उतार मात्र मी मुद्दाम ठेवला. ध्वनीचा बफर, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा, १२८ नमुन्यांचा ठेवला, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद, आणि पट्टी व आवाज यांत अंतर जाणवत नाही.

पेटी वाजवण्याजोगी झाल्यावर ती बुवांसमोर ठेवली. त्यांनी आधी नुसता भाता हलवून पाहिला, मग काळी एकमध्ये भूपाची दोन-चार आलापी केली, गांधारावर थांबले आणि पुन्हा त्याच गांधारावर आले.

"हा तानपुऱ्यातला," ते म्हणाले. "पण अरे, मी स्वर सुरू करतो तो तुझ्या पेटीला ऐकूच येत नाही. मी आत शिरतो तेव्हा ती झोपलेली असते."

"बुवा, तुम्ही पुन्हा तसेच वाजवा, मी आकडे बघतो," मी म्हटले.

पडद्यावर पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे स्पष्ट झाले. माझ्या हाताला स्वर ठामपणे सुरू करण्याची सवय आहे, आणि मी किमान दाबाची मर्यादा माझ्या हाताप्रमाणे ६० पास्कलांवर ठेवली होती. बुवा आलापाचा पहिला स्वर त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक दाबावर सुरू करतात आणि तिथून तो वर आणतात. त्यांच्या वादनातला सर्वांत नाजूक भाग त्या साठ पास्कलांच्या खालीच घडत होता. सेन्सरची थरथर त्या मानाने बरीच कमी असल्यामुळे मर्यादा ३० वर आणणे शक्य होते. ती आणली, आणि सारणीचा खालचा तिसरा हिस्सा ताणून घेतला, जेणेकरून मंद दाबातल्या छोट्या फरकांनाही अधिक आकडे मिळावेत. वरच्या टोकाला मात्र बुवा माझ्याइतका दाब देतच नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी तिथली रेषा लवकर चढवावी लागली.

दाबाचे आकड्यांत रूपांतर करणारी ही सारणी, म्हणजे एकच वक्र, दोन्ही हातांना पुरणार नाही हे उघड होते. तोपर्यंत पाचवी खुंटी रिकामी होती. आता ती आत असली की माझा वक्र लागू होतो आणि ओढली की बुवांचा. दोन्ही वक्र बोर्डाच्या कायमस्वरूपी स्मृतीत साठवलेले आहेत आणि पेटीची वीज गेली तरी पुसले जात नाहीत. भजनी मंडळातला एक तरुण मुलगा सध्या तिच्यावर सराव करतो आणि त्याचा हात दोघांपेक्षाही वेगळा आहे. त्याच्यासाठी मी आता असा प्रोग्राम लिहीत आहे, की वाजवणाऱ्याने एक स्वर अगदी मंद सुरुवातीपासून पूर्ण जोरापर्यंत नेऊन परत आणावा आणि त्या एका श्वासावरून पेटीने त्याचा वक्र स्वतःच आखून घ्यावा.